एका आधारावर एकच गाडी

केळी विकून दोन लेकी शिकवलेल्या अर्धापूरच्या गुणाबाईंना इलेक्ट्रिक रिक्षा घ्यायची होती. सरकारी सवलत मिळाली तरच ती परवडणार होती. म्हणून त्या नांदेडच्या शोरूममध्ये आल्या.

तिथं कागदांचं काम पंचशीला बघायची. तिनं त्यांचा आधार क्रमांक टाकला आणि तिचा हात थांबला. एका आधारावर सवलत एकदाच मिळते, आणि या आधारावर ती आधीच घेतलेली होती. आठ महिन्यांपूर्वी, याच शोरूममधून. शेजारी गुणाबाईंचाच फोटो.

तो फोटो पंचशीलानंच काढला होता. मालक राजशेखर यांनी अर्धापुरात बायकांचा मेळावा भरवला होता. योजनेची नावनोंदणी, असं सांगून त्यांनी चाळीसेक बायकांचे आधार क्रमांक आणि चेहरे पंचशीलाच्या मोबाईलवर घ्यायला लावले होते.

"काय झालं गं?" गुणाबाईंनी विचारलं.

"आलेच, मावशी."

तिनं आत जाऊन सांगताच राजशेखर यांनी केबिनचं दार लावून घेतलं. "सर्व्हर बंद हाय म्हण. उद्या बोलव, परवा बोलव. थकून यायची बंद होईल."

"सर, त्यांच्या नावावर गाडी उचलली कुणी?"

"लॉगिन कुणाचं हाय? तुझं. पोलीस आधी कुणाला नेतील, विचार कर."

ती बाहेर आली. गुणाबाई वाट बघत होत्या. पंचशीलानं स्क्रीनवरच्या त्या पानाची प्रत काढली आणि त्यांच्या हातात ठेवली.

"मावशी, तुमच्या नावावर आमच्या मालकानं सवलत उचलली. फोटो म्या काढला. कशासाठी, ते तवा माहीत नव्हतं."

गुणाबाईंनी कागदाची घडी घालून तो पिशवीत ठेवला. "हे तू पोलिसांपुढं सांगशील?"

केबिनचं दार उघडलं. "पंचशीला, तो कागद इकडं आण," राजशेखर शांतपणे म्हणाले.

"हाव, सांगीन," ती गुणाबाईंना म्हणाली. दोघी ऑटोत बसून थेट पोलीस ठाण्यात गेल्या.

नोकरी त्याच दिवशी गेली. पंचशीलाला चार वेळा चौकशीला बोलावलं. पहिल्या खेपेला तिला सहा तास बसवून ठेवलं, आरोपीसारखं. दुसऱ्या खेपेला मात्र गुणाबाई अर्धापूरच्या एकोणीस बायका घेऊन आल्या. मेळाव्यात राजशेखर यांनी काय सांगितलं होतं, ते प्रत्येकीनं जबाबात लिहून दिलं. त्यानंतर राजशेखर यांना अटक झाली.

गुणाबाईंचं नाव मोकळं व्हायला दिवाळी उजाडली. तोवर सवलतीची मुदत संपली होती. त्यांनी लातूरहून एक जुनी रिक्षा घेतली. पंचशीला अजून काम शोधतेय.