पेशंट अजून खुर्चीत आहे

मंचर. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांचं कोलेस्टेरॉलचं प्रशिक्षण. शेवटचा तास: एकानं पेशंट व्हायचं, एकानं डॉक्टर.

पेशंट: डॉ. प्राची. आज ती हौशीराम आहे. आहुप्याचा, काटकुळा, टाचांमागे गाठी, रक्तात चरबी बेसुमार. खऱ्या हौशीरामनं काल तालुक्याच्या दवाखान्यात जायची चिठ्ठी न घेता तिच्या टेबलावरच सोडली. परवा तो पोरीच्या लसीला येईल. तेव्हा गोळी सुरू झाली नाही, तर पुन्हा कधी सापडेल, सांगता येत नाही.

डॉक्टर: प्रशिक्षक काळोखे सर, पुण्याचे हृदयरोगतज्ज्ञ.

प्रयत्न पहिला.

"रोज एक गोळी घ्यायची. कायम."

"माजं काय दुखत न्हाई."

"तळलेलं कमी करा. चालत जा."

"चालत? साहेब, आमी डोंगराव ऱ्हातो. तुमी या एकदा."

हशा.

प्रयत्न दुसरा.

सरांनी फळ्यावर रक्तवाहिनी काढली, आत चरबी रंगवली.

"ही बागायतवाल्यांची असंल. आमच्यात नाचणी जाती."

"वेळ संपली," सर म्हणाले. "असा पेशंट तालुक्याला पाठवायचा. उठा, डॉक्टर."

प्राची उठली नाही. "डॉक्टरीण बाहेर गेली. मी हौशीराम."

"पुऱ्या थंड होतायत, राव," दारातून घाटघरकडचे डॉ. भरत म्हणाले.

"तुमी जेवा. मी तालुक्याला जानार न्हाई. भाऊबी गेला न्हवता. आता त्यो न्हाई."

प्रयत्न तिसरा. हा कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

सर खुर्ची ओढून शेजारी बसले. "भाऊ कधी गेला?"

"औंदा. भात लावताना पडला, तिथंच. चाळिशीबी न्हवती. बापाचं तसंच."

"त्या सकाळी भावाचं काय दुखत होतं?"



"काय न्हाई."

सर फळ्याकडे गेले नाहीत.

"घेतो गोळी," हौशीराम म्हणाला. "पर गावाकडंच. आमच्या डॉक्टरीणबाईंच्या हातनं."

"पहिली गोळी तालुक्यालाच सुरू करायची, असं ठरलंय. तिथं तज्ज्ञ असतात."

"मग बाईंना हितं बसवून शिकवलं कशापायी?"

"डॉ. प्राची, पुरे आता."

"त्या न्हाईत हितं. माज्याशी बोला."

डॉ. भरत दारातून परत आले. प्राचीशेजारी खुर्ची लावून बसले.

"तुमचं काय?" सरांनी विचारलं.

"मी घाटघरचा पेशंट," ते म्हणाले. "माजंबी काय दुखत न्हाई."