सगळ्यात मोठी पेटी

"हा नको. यात हात जात नाही," म्हणत आमच्या ह्यांनी कॉम्प्युटरचा तिसरा कॅबिनेट बाजूला सारला.

दुकानातल्या बाई हसल्या. "काका, हात एकदाच घालायचाय. मग झाकण लावलं की झालं."

"पुन्हा हात घालावा लागत नाही, असं यंत्र अजून जन्माला यायचंय."

चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी तो नाद केव्हाच सोडलाय. शेवटी ह्यांना पसंत पडली ती दुकानातली सगळ्यात मोठी पेटी. आमचं धान्याचं कपाट तिच्यापुढे सडपातळ वाटावं.

हे सगळं सुरू झालं जावयाच्या घरी. तिथे ह्यांनी ट्रक चालवायचा गेम पाहिला. डोंगर, बोगदे, वळणं, अगदी काचेवरचं धुकंसुद्धा. गेल्या वर्षी ह्यांनी गाडीची किल्ली आपणहून लेकीला देऊन टाकली होती. समोरच्या दिव्यांचा डोळ्यांना त्रास होतो, म्हणाले. सुट्टीच्या दिवशी डोंगररस्त्याने उगाच एक फेरी मारल्याशिवाय ज्यांना जेवण गोड लागत नसे, ते खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या गाड्यांचे आवाज ओळखायला लागले. मला ते बघवत नव्हतं. म्हणून गेमचा कॉम्प्युटर घ्यायचा, आणि तोही सुटे भाग आणून घरी जोडायचा, असं ह्यांनी जाहीर केलं तेव्हा मी लगेच चपला घातल्या.

"पॉवर सप्लाय याच्या दुप्पट द्या," हे म्हणाले.

"अहो काका, तेवढ्यात दोन कॉम्प्युटर चालतील."

"मग एक निवांत चालेल. पाटी आठ माणसांची असली तरी लिफ्टचे दोर आम्ही सोळांच्या हिशेबाने बसवायचो."

"माझा मिक्सरही लावून द्या त्यालाच," मी म्हटलं.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत ह्यांनी बाईंचं मुकाट्याने ऐकलं. बाकी ठिकाणी मात्र अडून बसले. नखाएवढ्या स्क्रूने बसणारी डिस्क नको, दाबून बसणारी हवी. पंखा मोठ्या खटक्याचा हवा. झाकणाचे स्क्रू स्क्रूड्रायव्हरशिवाय, बोटांनी फिरणारे हवेत. दरवेळी कारण एकच, "पुढेमागे सोयीचं पडतं."

मग बाईंनी प्रोसेसर दाखवला. "हा तेवढा जपून हं. चिमटीत धरायचा आणि अलगद, सरळ खाली ठेवायचा. खालच्या मदरबोर्डाच्या पिना वाकल्या तर बोर्ड गेलाच म्हणून समजा."

ह्यांनी हात पुढे केला, तसाच मागे घेतला आणि खिशात घातला. पण तेवढ्यात मला दिसलं. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्ही थरथरत होती. एकोणतीस वर्षं मी वॉर्डात नर्स आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ह्यांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं; गाडी सोडली ती या हातापायी.

"आम्ही जोडून देऊ का? तासाभराचं काम आहे," बाईंनी विचारलं.

ह्यांनी फक्त मान खाली घातली. हो म्हणावं, असं मलाही क्षणभर वाटलं.

"नको," मी म्हटलं, "आमच्या घरी मेकॅनिक आहे."

घरी जेवणाच्या टेबलावर मी धुतलेली चादर अंथरली आणि ऑपरेशनच्या ट्रेसारखे सगळे भाग ओळीने मांडले. पहिला मान प्रोसेसरचा. हे त्याच्याकडे नुसते बघत बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सही वाकडी यायला लागली तेव्हापासून. वर्ष झालं असेल."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू दिवसभर तेच बघून येतेस गं. घरी आल्यावर पुन्हा तेच कशाला?"

मला राग आला आणि रडूही आलं. दोन्ही उरकून घेतलं. सोमवारी डॉक्टरकडे यायचं, असं वदवून घेतलं.

"आता तूच ठेव तो," हे म्हणाले.

"मी कशाला? कोपर टेबलावर टेका. मनगट मी धरते."

मी मनगट धरलं. माझ्या मुठीत ते पाखरासारखं फडफडत होतं. मग हळूहळू शांत झालं. तो चौकोन जागच्या जागी अलगद बसला. ह्यांनी खटका ओढला आणि सुस्कारा सोडला. पुढचं सगळं त्यांनी शीळ घालत एकट्याने जोडलं. एकदा पंखा उलटा बसवला, तर दोष पंख्याला दिला.

तिसऱ्या दिवशी ट्रक सुरू झाला. पहिल्या दहा मिनिटांत दोन कठडे आणि एक टोलनाका गेला. मग ह्यांनी कॉम्प्युटरला जोडलेलं खेळाचं स्टिअरिंग सेटिंगमधून जितकं जड करता येतं तितकं जड केलं. हाताची थरथर त्यात जिरली, आणि ट्रक सरळ चालू लागला.

संध्याकाळी मी ड्यूटीवरून आले, तर पडद्यावर डोंगराचा पायथा, आणि इंजिन घुरघुरतंय.

"कुठे निघालात?"

"रस्ता नेईल तिकडे. येतेस?"

मी स्टूल ओढून शेजारी बसले. ट्रक काही हलेना.

"आता काय झालं?"

"पट्टा लाव आधी."

मी खांद्यावरून कमरेपर्यंत हात नेऊन पट्टा लावला. मग ह्यांनी गिअर टाकला.