फरिदाची बोटं आणि मी

मी बोर्ली पंचतनच्या सिराजुद्दीनभाईंच्या घरातला लॅपटॉप बोलतोय. बिजागरीत जरा ढिला झालोय, पण डोकं अजून शाबूत आहे. आज एक गुन्हा कबूल करायचाय. माझ्यामुळे एका बाईचा स्वतःच्याच दहा बोटांवरचा विश्वास उडाला होता.

माझी तरुणपणची वर्षं कुवेतमध्ये गेली. सिराजभाई तिथे गोदामात सुपरवायझर होते. माझ्या बटणांवर इंग्रजी अक्षरं आणि शेजारी अरबी. सिराजभाई कायमचे घरी परतले तेव्हा अत्तरं, ब्लँकेटं आणि खजुराच्या डब्यांमध्ये दाबून मीही आलो. इथल्या खाऱ्या हवेत असा सुस्तावलो की चालू व्हायलाच अर्धा तास लावायचो. शेवटी मुंबईचा पुतण्या झियान ईदला आला, त्याने माझ्यात लिनक्स नावाची हलकी प्रणाली घातली आणि मी पुन्हा तरतरीत झालो. जाता जाता त्याने मराठीही बसवली. सिराजभाईंनी त्याच मराठीची स्टिकरं मागवली आणि चष्मा लावून एकेक बटणावर चिकटवली. मी तर नवे कपडे घातल्यासारखा मिरवत होतो.

तेवढ्यात गावच्या बागायतदार संघाची सूचना लागली. मराठी टायपिस्ट पाहिजे, वयाची अट नाही, आठ दिवसांनी परीक्षा.

सिराजभाईंची बायको फरिदा बावन्न वर्षांची. लग्नाआधी ती श्रीवर्धनला टायपिंग क्लासला जायची आणि परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाली होती. सर्टिफिकेट हातात पडलं त्याच महिन्यात निकाह झाला आणि सर्टिफिकेट कपाटात गेलं. "जमतंय का, नुसतं बघते," असं म्हणून ती माझ्यासमोर बसली.

त्या क्लासची एक शिस्त होती. बटणांकडे बघायचं नाही. कुणी बघू नये म्हणून मास्तर हातांवर फडकंच टाकायचे. फरिदानेही स्वयंपाकघरातलं धुतलेलं फडकं आणून हातांवर पसरलं आणि झरझर एक ओळ मारली. पडद्यावर जे उमटलं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. तिने पुन्हा मारली. पुन्हा तेच.

सिराजभाई आले. फडकं बाजूला करून, स्टिकरं बघत, एका बोटाने त्यांनी 'फरिदा' असं टाइप केलं. अगदी बरोबर उमटलं.

"बघ! मशीन बराबर हाय. नाचता येईना, अंगण वाकडं!" ते हसले. "आता वय झालं गो तुझं."

फरिदाही हसली. पण ते बाहेर गेल्यावर ती कितीतरी वेळ आपली बोटं उलटसुलट करून बघत राहिली. चौथ्या दिवशी तिने मला मिटून ठेवलं.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाई, अंगण खरंच वाकडं आहे आणि ते अंगण मी आहे! टाइपरायटरची अक्षरं लोखंडात ठोकलेली, जन्मभर जागची हलत नाहीत. माझ्यात मात्र सांगाल तिथे अक्षरं बसतात. झियानने बसवली ती कॉम्प्युटरची मांडणी, स्टिकरंही त्याच मांडणीची. फरिदाची बोटं जुन्या टाइपरायटरच्या मांडणीने चालत होती. फडक्याखाली हे तिला दिसणार कसं? आणि मी पडलो मुका.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दिपाली आली. क्लासमध्ये ती फरिदाच्या शेजारच्या मशीनवर बसायची, आता तालुक्याला क्लार्क आहे.

"न्हाय गो जमत," फरिदा म्हणाली. "बोटं विसरली."

"बोटं विसरत न्हायत. लॅपटॉप र्‍हाऊ दे. टेबलावर मार बघू. मला ठाऊक नसलेलं कायतरी मार."

फरिदाने टेबलाच्या फळीवरच बोटं ठेवली. बोटं चालू लागली. दिपाली टक लावून बोटांकडे बघत, अडखळत वाचू लागली, "मला... ही... नोकरी... फार... हवी... होती."

दारात सिराजभाई उभे होते. त्यांच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"फरिदा," ते म्हणाले, "तू तर नुसतं बघते म्हणाली व्हतीस."

"तुम्ही विचारलंत कुठं?"

दिपाली मात्र उडालीच. "अगो, एक अक्षर चुकलं न्हाय! खोट या मशीनमध्ये हाय!" तिने माझं सेटिंग उघडलं. कीबोर्डच्या यादीत टाइपरायटरची मांडणी दिसेना. सिराजभाईंनी झियानला फोन लावला. त्याने सांगितलेलं एक पॅकेज उतरवलं, मला एकदा बंद करून चालू केलं, आणि यादीत टाइपरायटरची मांडणी आली. फरिदाने फडकं ओढलं आणि ओळ मारली. पडद्यावर स्वच्छ मराठी! तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला इतका आनंद झाला की माझा पंखा घरघरायला लागला.

सिराजभाईंनी नखाने एकेक स्टिकर काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी फरिदाने संघाच्या कॉम्प्युटरवर आधी मांडणी बदलून घेतली, मग परीक्षा दिली. जागा तिलाच मिळाली.

आता दिवसभर ती संघात असते आणि मी त्याच फडक्याखाली आराम करतो. माझी चार बटणं घट्ट झाली आहेत, तरी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, अक्षर चुकलं तर माणसाला बोल लावण्याआधी आम्हालाही एकदा तपासा.

परवा सिराजभाई शिकायला बसले. हातांवर फडकं टाकून त्यांनी एक ओळ मारली, उमटला नुसता गोंधळ.

"न्हाय व्हायचं माझ्याकडनं," ते म्हणाले. "वय झालं."

फरिदा चहाचा कप ठेवून शेजारी टेकली.

"थांबा," ती म्हणाली. "आधी अंगण बघूया."