रुपरावांची वायर

रुपरावांना वायर फेकवत नसे. जुनी चप्पल, फाटकं पोतं, मोडकी खुर्ची ते भंगारवाल्याला हसत देऊन टाकत, पण वायरीचा हातभर तुकडा कुणी केरात टाकलेला दिसला की त्यांचा जीव कासावीस होई. शेतातला पंप विकला, वायर राहिली. कूलर गंजून गेला, वायर राहिली. भावाची पिठाची गिरणी बंद पडली तेव्हा सगळे नातेवाईक समोर बसून हळहळत होते आणि रुपराव मागच्या भिंतीपाशी वायर गुंडाळत होते. आयुष्य नागपुरातल्या कळमन्याच्या धान्यबाजारात गेलेलं. सांडलेला दाणा वेचायची हाताला लागलेली सवय म्हातारपणी वायरीवर उतरली होती.

हे सगळे तुकडे त्यांनी एकाला एक जोडले होते. प्रत्येक जोडावर काळी पट्टी. ती भली लांब वायर एका लाकडी ड्रमवर गुंडाळून हुडकेश्वरच्या घरात बैठकीच्या कोपऱ्यात ठेवलेली असे. पाहुणा आला की त्याची नजर तिकडे जाईपर्यंत रुपराव वाट पाहत, आणि नाही गेली तर नेऊन दाखवत.

मागे एका गणपतीत मंडपाला वायर कमी पडली. रुपराव मोठ्या थाटात ड्रम घेऊन गेले, तर मैदानाच्या कडेला राहणारा रविंद्र चारचौघांत म्हणाला, "रुपरावजी, ही वायर हाय का गोधडी?" सगळं मंडळ हसलं. त्या दिवसापासून रुपरावांनी रविंद्रशी बोलणं टाकलं.

आता मुलीचं, भूमिकाचं, साक्षगंध ठरलं, म्हणजे साखरपुडा. मुलगा जवळच्याच बेसा भागातला, अश्विन नावाचा, बँकेत नोकरीला. कार्यक्रम लेआउटच्या, म्हणजे वस्तीच्या, मोकळ्या मैदानात, आणि महिना मे. मंडपवाला म्हणाला, जनरेटर घ्या. रुपरावांना ते अपमानासारखं लागलं. "आपल्या घरून लाइट नेतो ना मी! वायर हाय माझ्यापाशी," ते म्हणाले.

भूमिका पॉलिटेक्निकात इलेक्ट्रिकलच्या पोरांना शिकवत असे. साक्षगंधाच्या सकाळी हाताची मेंदी सांभाळत ती अंगणात आली.

"बाबा, ही वायर पातळ हाय. अन् लांब किती! जेवढी पातळ अन् जेवढी लांब, तेवढी ती करंटले अडवते. तिकडे पंख्याले जोरच राहणार नाई."

"करंट म्हणजे काय बैलगाडी हाय का, रस्त्यात थकाले?"

"थकत नाई बाबा. पंखे फिरवाचा जोर रस्त्यातच वायर तापवण्यात खर्ची पडते. त्यापेक्षा रविंद्रकाकांकडून घ्या ना. मैदानाले लागूनच तर घर हाय त्यांचं."

"त्याचं नाव काढू नको."

"मग कापा तरी. अर्धी तर ड्रमवरच उरन."

"कापाले ते काय काकडी हाय?" म्हणत रुपरावांनी ड्रम उचलला.

अर्धी वायर मैदानापर्यंत पसरली गेली. उरलेली ड्रमवर तशीच. कुणाच्या पायात यायला नको म्हणून रुपरावांनी तो ड्रम मंडपातल्या लाकडी दिवाणाखाली आडवा सरकवला. दिवाणावर गादी होती, गादीवर पांढरी चादर, आणि चादरीची किनार जमिनीपर्यंत लोंबत होती. ड्रम अगदी दिसेनासा झाला. रुपरावांनी मागे सरकून पाहिलं आणि त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं.

दुपार चढता चढता पाहुणे आले. सगळ्यांच्या पुढे, दोन माणसांच्या खांद्यांवर हात ठेवून, कंबरेत वाकलेले मधुसूदनमामा. अश्विनच्या आईचे, मीराबाईंचे, हे थोरले भाऊ. त्या घरात मामांच्या होकाराशिवाय चहात साखर पडत नाही, असं रुपरावांच्या कानावर आलं होतं. सोयरीक ठरली होती खरी, पण मामांनी अजून तोंडाने "हो" म्हटलेलं नव्हतं. रुपरावांनी त्यांना हाताला धरून मंडपातल्या सगळ्यात मानाच्या जागी बसवलं. म्हणजे दिवाणावर.

मग कूलर लागले. पहिला असा घोंगावला की भटजींचं उपरणं उडालं. दुसरा लागला आणि पहिला जरा नरमला. तिसरा लागला तेव्हा तिघेही पेंगल्यासारखे झाले. चौथा लावल्यावर तर पंख्यांची पाती बसल्या जागेवरून मोजता येऊ लागली. बायका पदराने वारा घेऊ लागल्या. "आत्ता धरतीन स्पीड," रुपराव ज्याला त्याला सांगत सुटले.

तेवढ्यात मामा चुळबुळले. "मीरे, मले गरम लागून राहिलं."

"मे महिना हाय दादा."

"तसं नाई वं. खालून लागून राहिलं."

"खालून कसं लागन? ऊन वरून लागते."

पण 'ऊन लागलं' हे शब्द एकदा हवेत गेले आणि मंडपभर झाले. मामांना ऊन लागलं! कुणी त्यांच्या खिशात कांदा कोंबला, कुणी तळपायाला कांद्याचा रस चोळू लागलं.  मुलाच्या मामाला आपल्याच मांडवात ऊन लागलं तर उद्या नागपूरभर तोंड दाखवायची सोय नाही, असं रुपरावांना वाटलं. त्यांनी माणूस धाडून आपल्या झोपायच्या खोलीतला कूलर आणवला, तोही त्याच वायरीवर लावला आणि थेट मामांकडे तोंड करून ठेवला.

मामा आणखी तापले.

रुपरावांची बायको भागीरथा मंडपाच्या मागे त्याच वायरीवर मिक्सर लावून बसली आणि कैरीचं पन्हं फिरवू लागली. मिक्सरचा आवाज सुरू झाला आणि मामा ओरडले, "अरे, मी काय तव्यावर बसलो का?"

"ताप चढून राहिला," कुणीतरी जाणकारपणे म्हणालं. "उठू देऊ नका, झोपवा." चौघांनी मिळून मामांना त्याच गादीवर आडवं केलं.

या धावपळीतही रुपरावांची नजर स्टेजकडे गेली आणि त्यांना थोडा धीर आला. भूमिका मान झुकवून अश्विनच्या कानाशी काहीतरी कुजबुजत होती. तो एकाग्रपणे ऐकत होता, मान हलवत होता, मधूनच डोळे मोठे करत होता. ठरल्यापासून ही दोघं फोनवर "जेवलात का" आणि "हो" याच्या पुढे गेलेली नव्हती, हे भागीरथेने त्यांना सांगितलं होतं. बायका एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. भावाला वारा घालता घालता मीराबाईसुद्धा सुखावल्या. "पाहा बाप्पा, आमचा अश्विन घरी तोंड उघडत नाई, अन् इथं कसा रमला!"

पाहता पाहता अश्विन उठला. भटजी मंत्राच्या मध्यावर होते, त्यांचा हात अक्षता घेऊन तसाच वर राहिला. अश्विन स्टेजवरून उतरला, दिवाणापाशी आला आणि गुडघ्यांवर बसला. नमस्कार करतो आहे असं वाटून मामांनी झोपल्या झोपल्या आशीर्वादाचा हात उचलला. पण पोरगा पायांपाशी न थांबता चादर वर करून सरळ दिवाणाखाली शिरला. बाहेर फक्त त्याचे नवे मोजे दिसत राहिले.

आतून आवाज आला, "आई गं!" आणि मागोमाग, "बंद करा! सगळं बंद करा!"

नेमक्या त्याच वेळी आचाऱ्याचा माणूस, लहानू, मामांच्या डोक्यावर ओतायला गार पाण्याची बादली घेऊन येत होता. भूमिका स्टेजवर ताडकन उभी राहिली. साक्षगंधाची नवरी इतक्या मोठ्याने ओरडलेली हुडकेश्वरात कुणी ऐकली नव्हती. "पाणी नको टाकू! बाबा, घरचं बटन पाडा आधी!"

रुपराव धावले. धोतराचा सोगा हातात धरून, भर उन्हात, आपल्याच वायरीच्या कडेकडेने धावले. ती किती लांब आहे हे त्यांनी आजवर तोंडाने शेकडो वेळा सांगितलं होतं. पायांना ते आज पहिल्यांदा कळत होतं. वाटेत एकेक काळी पट्टी लागत होती. ही पंपाची, ही गिरणीची, ही कूलरची. घरी पोचून त्यांनी बटण पाडलं आणि भिंतीला टेकून दम घेतला.

परत आले तेव्हा ड्रम बाहेर ओढलेला होता. आतले वेढे मऊ पडून एकमेकांना चिकटले होते आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला होता. सगळी मंडळी त्याभोवती गोल करून उभी होती. भूमिका सांगत होती, "पसरलेली वायर तापली तरी तिची गरमी हवेत जाते. गुंडाळलेली असली का एक वेढा दुसऱ्याले शेकते. अन् जितके कूलर वाढवले तितका करंट वाढला, वायर आणखी तापली."

मामा गादीवर उठून बसले. "म्हणजे मले थंड कराले तुम्ही मलेच भाजून राहिले होते?"

 रुपरावांनी हात जोडले.  सोयरीक मोडली, असं त्यांना स्वच्छ दिसू लागलं.

मामा दिवाणावरून उतरले. दोन पावलं चालले. थांबले. कंबरेवर हात ठेवून आधी डावीकडे वळले, मग उजवीकडे. मग सरळ, अगदी काठीसारखे उभे राहिले.

"मीरे," ते हळूच म्हणाले, "माझी कंबर मोकळी झाली वं."

आधी कुणाचा विश्वास बसेना. मामांनी खाली वाकून स्वतःची चप्पल स्वतः उचलून दाखवली, तेव्हा मंडपात हशा पिकला. "पोरगी हुशार हाय," मामा म्हणाले. "आमचा हो हाय, म्हणून टाका. पण व्याही, वारा पाहिजे बाप्पा. नाई तर आता खरोखरचं ऊन लागन."

रुपरावांनी भूमिकाकडे पाहिलं. ती मैदानाच्या कडेच्या घराकडे पाहत होती. ते तिकडे निघाले.

रविंद्र व्हरांड्यात खुर्चीवर बसला होता. अंगात इस्त्रीचा कुर्ता, केसांना तेल. रुपराव फाटकापाशी थबकले.

"काय रविंद्र, बसला का?"

"बसलो."

"लाइट हाय का तुह्याकडे?"

"हाय."

"बरी हाय?"

"बरी हाय."

 रुपरावांनी कपाळावरचा घाम दोनदा पुसला. तेवढ्यात रविंद्रची बायको दीप्ती जरीच्या साडीत बाहेर आली. "काय जी तुम्ही दोघं! भाऊजी, मोठाच प्लग पाहिजे ना? हे बोर्डाले जाड वायर लावून कधीचे बसून हाय."

रुपराव पाहतच राहिले. "अन् हे नवे कपडे?"

"भूमिका येऊन सांगून गेली होती," दीप्ती म्हणाली. "बाबा स्वतः येतीन बोलवाले, तयार राहा म्हणे. केव्हा येतीन ते काही सांगितलं नाई. सकाळपासून ही साडी नेसून बसली मी. घामानं जीव चालला."

रुपरावांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्यांनी दोन्हींचं खापर उन्हावर फोडलं. "चल गा रविंद्र," ते म्हणाले. "जेवाले चल. चल वं दीप्ती. अन् मी आणखी एक सांगू का? तू म्हणत होता ते बरोबर होतं. गोधडीच होती ते."

"नाई जी," रविंद्र वायर खांद्यावर घेत म्हणाला. "गोधडी निदान थंडीत कामी येते."

रुपराव असे हसले की फाटक हलू लागलं.

जाड, आखूड वायर आली. पाचही कूलर तिच्यावर लागले आणि शेवटचा सुरू झाला तरी पहिला हलला नाही, तसाच घोंगावत राहिला. भटजींनी मंत्र पुन्हा पहिल्यापासून म्हटले. भूमिका-अश्विनने अंगठ्या घातल्या, मीराबाईंनी सुनेची ओटी भरली आणि पंगत बसली. रुपरावांनी स्वतः हातात भांडं घेतलं. डाळीचे गोळे घातलेला गोळाभात वाढत वाढत ते रविंद्रच्या पानापाशी आले आणि तिथेच अडकले.

"पुरे गा, पुरे," रविंद्र पानावर दोन्ही हात आडवे धरून ओरडत होता. "किती वाढून राहिले!"

"घे ना. तुह्या घरून करंट घेतला आमी."

तेवढ्यात पाचही कूलर एकदम थांबले. मंडपातले दिवे गेले, गाणी बंद पडली. अख्खी पंगत हातातला घास हातात धरून रुपरावांकडे पाहू लागली.

रुपरावांनी भातवाढणी वर केली. "माय शपथ, ह्यावेळी मी काही नाई केलं!"

समोरच्या गल्लीतून कुणीतरी ओरडलं की सगळ्या लेआउटचीच लाइट गेली आहे. पंगतीने सुटकेचा श्वास टाकला. मामा उठले, आंब्याच्या पेटीचं झाकण घेऊन आले आणि ताठ उभे राहून आळीपाळीने दोन्ही व्याह्यांकडच्या लोकांना वारा घालू लागले.