कावेरीच्या वाटणीची विभूती

"भुवया वर करा, मावशी. गिऱ्हाइकानं निम्मा भाव सांगितल्यावर करता तशा."

कावेरीनं केल्या. अंबाजोगाईच्या त्या थंडगार दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या कपाळावर पांढऱ्या पेन्सिलीनं ठिपके काढले. युसूफ वडगाव या गावात तीस वर्षं नवऱ्याच्या बरोबरीनं भांड्यांचं दुकान चालवलेल्या बाईच्या कपाळाला तीन आठ्या पडल्या, तर त्यात नवल ते काय. पण मुलाच्या साखरपुड्याचे फोटो आले आणि होणाऱ्या विहिणीशेजारी कावेरी तिची थोरली बहीण दिसत होती. विहीण तर वयानं दोन वर्षांनी मोठी. त्या रात्री कावेरी जेवली नाही. तिला एकदाच, पोराच्या लग्नापुरतं, बरं दिसायचं होतं.

बोटॉक्सच्या सुया मुंगी चावल्यासारख्या टोचल्या. बारीक फुगवट्या अर्ध्या तासात बसतील, डॉक्टरीणबाई सांगत होत्या. चार तास आडवं व्हायचं नाही, आज कपाळ चोळायचं नाही. डोकं थोडं जड होईल. फरक तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दिसेल आणि पुरा दिसायला दोन आठवडे लागतील. आठ्या अगदी नाहीशा होणार नाहीत, पण कपाळ उचललंच जाणार नाही म्हटल्यावर पुसट होतील.

कावेरीनं एकच विचारलं, "परत येत्यात का?"

"येतात ना. तीन-चार महिन्यांत. यात कायमचं काही नसतं."

एवढा खटाटोप करून परत येणार, म्हणून कावेरी जरा हिरमुसलीच.

घरी तिची सासू बसम्मा. वय नव्वदीच्या घरात, डोळे काचबिंदूनं गेलेले, कानही कानाशी ओरडलं तरच जागे होणारे. पण रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा झाली की घरातल्या प्रत्येकाला विभूती लावायची ती तिनंच. ती पलंगावर बसे, कावेरी खाली फरशीवर. वर मान करून पाहिलं की कावेरीच्या आठ्या खोल होत आणि म्हातारीची तीन बोटं त्यांतून चाकोरीतून गाडी जावी तशी सरळ जात. बत्तीस वर्षांत सासूचा मायेचा हात म्हणायचा तो एवढाच. तोंडाचं विचाराल तर कौतुकाचा एक शब्द नाही, आणि नावं ठेवायला मात्र म्हातारी कधी थकली नाही.

लग्नाच्या धांदलीत विभूतीला बसायला कावेरीला सवड झालीच नाही. मुलाचं, राजेश्वरचं लग्न थाटात झालं, फोटो छान आले, नवी सून प्रणिता चार दिवस राहून नवऱ्याबरोबर पुण्याला गेली. घर शांत झाल्यावर पहिल्याच सकाळी कावेरी सासूपुढं बसली. बोटं कपाळावर टेकली आणि घसरली. पुन्हा टेकली.

"पोरी, तू पुन्याला गेली न्हाईस व्हय?" बसम्मा म्हणाली. "बरं झालं. तुजी सासू कुठंय?"

कावेरी तिच्या कानाशी तोंड नेणार, तेवढ्यात म्हातारी हळू आवाजात बोलू लागली. "तिला सांगू नको मी बोलले म्हनून. माजा पाय मोडलता तवा सहा महिने तिनं माजं हागनं-मुतनं काढलं. माज्या पोटच्या लेकीनं न्हाई केलं. मी तिला चांगलं म्हनले न्हाई कदी, तोंडावर म्हनलं की सुना चढून बसत्यात. पन तिच्यावानी बाई व्हायची न्हाई. तू तिला तरास दिऊ नको."

कावेरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या क्षणी खरं सांगायचं तिच्या जिवावर आलं. बत्तीस वर्षांनी मिळालं होतं, ते दुसरीच्या नावावर का होईना.

दुपारी मात्र तिनं कानात ओरडून सांगितलं, मीच कावेरी हाय. म्हातारी हसली. कावेरीचं कपाळ मला ठावं हाय, म्हणाली. संध्याकाळी कावेरीच्या नवऱ्यानं, मन्मथप्पानं आईला शपथ घेऊन सांगितलं, तेव्हा ती हसली नाही. आंधळीला फसवता व्हय, म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

मग रोज सकाळी एकच प्रश्न, कावेरी आली का. 'पोरी'ला विभूती लावून झाली की म्हातारी आणखी चिमूटभर विभूती कागदाच्या तुकड्यात बांधून कोनाड्यात ठेवायला लावी, ती कावेरीच्या वाटणीची. भाकरी निम्म्यावर आली. चहा तर दोन घोटांतच बाजूला सरे, या पोरीला हात आवरून साखर टाकता येत नाही म्हणे. कावेरी नेहमीसारखी एकच चमचा टाकत होती. एकदा म्हातारीनं लेकाचा हात धरून विचारलं, "मेली का रं ती? माज्यापासनं लपिवताव का?" मन्मथप्पा उठून दुकानात गेला. कावेरी आरशासमोर उभी राहून जीव खाऊन भुवया वर करू लागली. कपाळ ढिम्म हललं नाही. आठ्या येण्याआधीच म्हातारी गेली तर, या धास्तीनं तिची झोप उडाली.

तीन महिने होऊन गेल्यावर दवाखान्यातून फोन आला. परिणाम ओसरत आला असेल, पुन्हा घ्यायचं का?

"न्हाई बाई," कावेरी म्हणाली. "मी आठ्यांचीच वाट बघायलेय."

चैत्र लागला होता. सकाळी कावेरी नेहमीसारखी खाली बसली, वर पाहिलं. बसम्माची बोटं अर्ध्यात थांबली. मागं गेली, पुन्हा पुढं आली, आणि तिन्ही बोटं आपापल्या वाटेला लागली.

"आलीस व्हय," म्हातारी पुटपुटली, आणि लगेच तिचा आवाज चढला. "कुठं गेलतीस इतके दिस? सांगून जायची रीत हाय का न्हाई?"

कावेरी तिच्या कानाशी वाकली. "आले, आत्याबाई."

"जा, चहा टाक. त्या पोरीनं माज्या तोंडाची चव घालिवली."

चहा उकळेपर्यंत कावेरीनं कोनाड्यातल्या पुड्या एकेक करून उघडल्या आणि विभूती डबीत ओतली. ते शब्द आता पुन्हा कानावर पडणार नव्हते, हे तिला ठाऊक होतं. तिला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. साखर तिनं रोजच्याइतकीच टाकली, एक चमचा.

बसम्मानं कप संपवला, तिच्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "असा करावा चहा."