लाल चिंधी बांधलेली कात्री

मी एक जुनी कात्री आहे. परंतु मित्रांनो, जुनी म्हणून माझी कीव करू नका! आज माझ्या दोन्ही पात्यांत असा आनंद उसळला आहे की, समोर कापड नसतानाही कचकच आवाज करावासा वाटतो. त्याचे कारण सांगतेच. मात्र आरंभापासून सांगणे उचित ठरेल.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. माझी मूठ आणि पाती एकाच पोलादी कांबीतून घडली. ऐरणीवर घणाचे घाव सोसताना मी मनात म्हणत असे, 'एवढा मार कशासाठी?' अखेर लोहाराने माझी दोन्ही पाती कायमची ठोकून न टाकता पितळी स्क्रूने जोडली आणि तो म्हणाला, "जा बाई. तुला कधीही उघडता येईल, पुसता येईल, धार लावता येईल." या वाक्याचे मोल तेव्हा मला उमगले नाही.

पुढे दुकानाच्या काचेआड मी बराच काळ पडून होते. माझी किंमत ऐकताच गिऱ्हाइके पुढे सरकत. एक बाई मात्र दर आठवड्याला येई, मला हातात घेई, दोनदा हवेत चालवी आणि नाइलाजाने परत ठेवी. ती दुसऱ्याच्या दुकानात काज-बटणांचे काम करी. वर्षभरात तिच्या चार स्वस्त कात्र्या मोडल्या होत्या. ज्या शुभदिनी तिने पैसे साठवून मला विकत घेतले, त्या दिवशी तिची धाकटी नणंद सोबत होती. जिभेच्या तिखटपणामुळे घरचे तिला लवंगी म्हणत.

"वहिनी, कात्री घेताय की बांगड्या? एवढ्यात सहा साध्या कात्र्या आल्या असत्या!"

"सहा आल्या असत्या आणि सहाही गेल्या असत्या," वहिनी म्हणाली. "आधीच्या चार मोडल्या, त्या कोणी भरून दिल्या? तुझ्या दादाने?"

"त्याला कशाला मध्ये घेता? त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत!"

घरी येताच वहिनीने माझ्या मुठीला लाल चिंधी बांधली. त्या चिंधीचा अर्थ असा की, ही कात्री फक्त कापडाची. कागद आणि दोरी यांनी हिच्या वाटेस जाऊ नये. दादाने एकदा पाकीट फोडण्यास मला उचलले मात्र, वहिनीने अशी हाक मारली की शेजारच्यांचे दार उघडले!

मित्रांनो, काय ते दिवस! झबली, सदरे, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे! वहिनी खडूने रेघ आखी आणि मी त्या रेघेवरून सुसाट धावत सुटे. काही वर्षांनी तिने स्वतःची खोली भाड्याने घेतली, बाहेर पाटी लावली. "काय सरळ बेतलंय हो!" असे गिऱ्हाइके म्हणत. ती स्तुती वहिनीची असे, पण त्यातली अर्धी मी गुपचूप घेत असे.

आमच्या दुकानात एक नियम होता. कापडाला टाचण्या मोजून लावायच्या आणि बेतण्याआधी मोजून काढायच्या. एके दुपारी वहिनी बाहेर गेली असता मदतीला बसणाऱ्या लवंगीने दहा टाचण्या लावल्या व नऊ काढल्या. दहावी मला सापडली. कट्ट! माझ्या पात्याला बारीकसा खड्डा पडला. तेव्हापासून त्या एका जागी धागा अडकू लागला. लवंगी गप्प राहिली. वहिनीला वाटले, मी म्हातारी झाले. तिने मला पुसून खणात ठेवले. मनातल्या अपराधी भावनेपोटी लवंगीने बाजारातून प्लॅस्टिकच्या मुठीच्या तीन रंगीत कात्र्या आणल्या. मी अंधारात पडून राहिले.

अशात एके दिवशी नाट्यगृहाचे व्यवस्थापक जांभळ्या मखमलीचा भला मोठा गठ्ठा घेऊन आले.

"बाई, परवा संध्याकाळी खेळ आहे. हा पडदा नीट झाला, तर वर्षभराचे सगळे पोशाख तुमच्याकडे. पण कापड अगदी मोजून आहे. कारखान्याने हा रंग बंद केलाय. चुकलं तर दुसरं मिळणार नाही."

ते गेल्यावर वहिनी म्हणाली, "लवंगे, हे जमलं तर भाडं निघेल, खोली राहील. नाही तर मी पुन्हा काज-बटणांना."

पहिल्या रंगीत कात्रीची पाती सैल. तिने मखमल कापली नाही, चावली. दुसरीची मूठ जाड कापडावर जोर देताच मोडली. वहिनीचा हात थांबला. "दोन बोटं कापड खराब झालं. शिवणीत दबून जाईल. पण पुढचं दबणार नाही गं!" एवढे बोलून ती खालीच बसली. तिसऱ्या कात्रीला हात लावण्याचे धैर्य तिला होईना.

आणि माझा खण उघडला!

"वहिनी, ही म्हातारी नाही झाली," लवंगी रडवेल्या आवाजात म्हणाली. "दहावी टाचणी मीच विसरले होते. सांगायची हिंमत झाली नाही."

वहिनी ताडकन उठली.

"मग उभी काय राहिलीस? धारवाल्याकडे पळ! रागवायचं ते पडदा झाल्यावर रागवते."

मित्रांनो, सायकलच्या टोपलीत मी अशी उडत होते की कडकड वाजणारी दातांची कवळीच झाले! धारवाल्याने माझा स्क्रू फिरवला, पाती वेगळी केली आणि तो हसला. "हिला काय झालंय? अजून वीस वर्षं चालेल."

लवंगीने पिशवीतून त्या तीन काढल्या. "आणि ह्यांना?"

"ह्यांना माझ्याकडे आणू नकोस, पोरी. ह्या उघडतच नाहीत. धार लावू कुठून?"

चाक फिरले, ठिणग्या उडाल्या, खड्डा घासून गेला, स्क्रूला तेल मिळाले. त्या क्षणी मला लोहाराचे वाक्य आठवले आणि प्रत्येक घावाचा अर्थ उमगला!

त्यानंतर मखमल! टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी एका श्वासात गेले. कोठे अडले नाही, एक धागा ओढला नाही. वहिनी मध्येच खदखदून हसली.

खेळाच्या संध्याकाळी वहिनीने मला पिशवीत घालून नेले. पडदा दोन्ही बाजूंना डौलाने सरकला. लोकांनी नटांसाठी टाळ्या वाजवल्या. लवंगी एकटी पडद्यासाठी वाजवत होती. व्यवस्थापक येऊन म्हणाले, "बाई, सोमवारी मापं घ्यायला या." वहिनीने लवंगीचा कान धरला, कारण रागवायचे राहिले होते, पण तो फार वेळ धरवला नाही.

आता आजच्या आनंदाचे कारण ऐका. आज सकाळी लवंगी आपल्या पहिल्या कमाईतून स्वतःची कात्री आणण्यास गेली. दुकानदाराने चार चकचकीत कात्र्या पुढे केल्या. तिने प्रत्येक उलटून पाहिली आणि विचारले, "हिचा स्क्रू उघडतो का हो?" शेवटी काचेआडची सर्वांत महाग कात्री घेऊन ती घरी आली. वहिनीने माझ्याच चिंधीतला अर्धा तुकडा फाडून त्या नव्या कात्रीला बांधला. मित्रांनो, मला बहीण मिळाली!

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. वस्तू घेताना तिचा रंग पाहा, पण ती एकदा उलटूनही पाहा. उद्या बिघडली तर दुरुस्त होईल का, ते विचारा. तशी वस्तू घेण्यास थोडे थांबावे लागले, तरी खुशाल थांबा. आणि ती घरी आल्यावर, मित्रांनो, दहावी टाचणी काढण्यास विसरू नका.