दाराखालचं ओलं पोतं

मी चंपा. कुरवंड्यात आमचं गोटी-सोड्याचं दुकान. नागफणी चढायला आलेली पोरं आधी आमच्याकडं ढेकर देत्यात, मंग डोंगराला लागत्यात.

सून समीक्षा सायन्स शिकलेली. गिऱ्हाइकांना सांगत बसती, "गार पान्यात गॅस दाबून कोंबलाय. गोटी आत ढकलली की दाब सुटतो, मंग कोंडलेला गॅस बुडबुडं होऊन भाईर पळतो." एकदा मला म्हनली, "आत्या, सोडा भरायच्या खोलीचं दार लावू नका. ह्यो गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो." मी म्हनलं, "धूर वर जातो, आन तुझा गॅस तेवढा खाली? लय शहानी!" पानी गार तर सोडा जोरदार, म्हनून मी दाराखालच्या फटीत ओलं पोतं कोंबायची. वीस वर्सं.

त्या दुपारी खोली गार म्हनून नातीला, सृष्टीला, खाली सतरंजीवर निजवलं. चार वर्साचं लेकरू. मशीनपुढं जमिनीवर दिवा लावला, रोजच्यासारखा, आन बाटल्या भरायला घेतल्या. वाऱ्यानं दार धाडकन आपटलं, मी सवयीनं फटीत पोतं कोंबलं, मंग कळलं, भाईरची कडी पडलीया. "समीक्षा!" लय हाका मारल्या. ती पुढं रस्त्यावर, दुकानात. गाड्यांच्या हॉर्नात कुटं ऐकू जातंय!

तेवढ्यात गॅसच्या टाकीची नळी निसटली. फुस्सऽऽ! टाकी बंद करायला पाना लागतो, आन पाना दुकानात.

दिवा विझला. वारा न्हाई, काय न्हाई. मला वाटलं अपशकून. लावाया वाकले तर नाकात झोंबलं, सोडा नाकात गेल्यावर झोंबतो तसं. काडी ओढली, खाली नेली, विझली. दुसरी ओढली. कमरेशी जळत व्हती, खाली नेली की विझली.

आन खाली माझी सृष्टी!

उचललं तर मान टाकलेली. तोंडावर शिपका मारावा म्हनून भरलेली बाटली घेतली, गोटीवर अंगठा ठेवला, आन टकुऱ्यात उजेड पडला. आगं बये, ह्यातबी त्योच गॅस! बाटली ठेवली. पोरीला क्रेटच्या थप्पीवर निजवलं. श्वास कोंडून वाकले आन पोतं ओढलं. फुगून बसलेलं, निघंना. स्वतःलाच शिव्या घातल्या, पुन्यांदा ओढलं. निघालं. मंग रिकाम्या बाटल्या घेऊन पत्र्याच्या दारावर फोडत सुटले. सातव्या बाटलीला कडी वाजली.

समीक्षानं लेकीला हिसकून अंगनात नेलं. सृष्टी खोकली, मंग भोकाड पसरलं. एवढं गोड रडनं मी जन्मात ऐकलं न्हवतं.

समीक्षानं ते पोतं बघितलं, मंग मला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मीच म्हनलं, "पोरी, चुकले. पुन्यांदा सांग गं, ह्या टायमाला ऐकते."

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हनली, "आत्या, आधी श्वास घ्या."